ओलीस जहाजावरील पिण्याच्या पाण्यास निर्बंधातून सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
सागरी निर्बंध व सवलत कक्ष,
मुंबई.

अर्जदार : सौ. संजीवनी सुनील पार्टे,
मु. करंजकोंड, पो. उमरठ, ता. पोलादपूर, जि. रायगड.

विषय : चाच्यांच्या ताब्यातील जहाजावर पिण्याचे पाणी व औषधे पोचविण्यास निर्बंधातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) आपल्या कक्षाचे उत्तर, ज्याखाली कोणाचेही नाव नाही.
३) आपले सूचनापत्रक, जे आमच्या वाडीत देवळापुढच्या सहाणेवर (गाव बसते त्या चौथऱ्यावर) मोठ्याने वाचले गेले.

महोदय,

आपल्यापुढे कागद पुष्कळ असतील, म्हणून मागणी आधी लिहिते व कारणे मागून.

१. माझे पती श्री. सुनील हरिबा पार्टे हे एका मालवाहू जहाजावर मेसमन आहेत. म्हणजे खलाशांना जेवण वाढणे, पाणी देणे, भांडी, ही कामे. त्याआधी ते मुंबईत एका कँटीनमध्ये होते. साखर घेऊन जाणारे त्यांचे जहाज सोमालियाच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनी पकडले आणि ते तेव्हापासून तिथेच नांगर टाकून उभे आहे. जहाजावरचे गोडे पाणी संपत आले आहे. टाकीच्या तळाचे तांबूस पाणी फडक्याने गाळून पितात, त्याने निम्म्या लोकांना जुलाब आहेत. किनाऱ्यावरून त्या जहाजाकडे होडी जाते ती एकाच इसमाची. तो इसम चाच्यांना मदत करतो म्हणून सरकारने त्याला निर्बंधांच्या यादीत घातले आहे व त्याच्याशी कोणीही व्यवहार केला तर तो गुन्हा ठरतो. त्यामुळे पाणी तयार असूनही जात नाही. माझी मागणी एवढीच की पिण्याचे पाणी आणि ताप, जुलाब, जखमेची औषधे त्या होडीने जाऊ द्यावीत, व त्याबद्दल कोणावर कारवाई होणार नाही असे आपल्या सहीचे पत्र द्यावे.

२. हा अर्ज खंडणीबाबत नाही. त्याबद्दल मोठी माणसे काय ते बघतील. निर्बंध उठवा असेही माझे म्हणणे नाही. ज्यांनी माणसे धरून ठेवली त्यांची व त्यांना पोसणाऱ्यांची कोंडी व्हावी, हे मला पूर्ण पटते. त्यांना मी ज्या शिव्या देते त्या अर्जात बसत नाहीत आणि माझ्या सासूबाई धोंडूबाई ज्या देतात त्यांतल्या काही मलाही कळत नाहीत. प्रश्न इतकाच आहे की कोंडी त्यांची करायची होती, आणि तहान लागली आहे ती आमच्या माणसाला.

३. ह्या अर्जातील अक्षर ठिकठिकाणी वेगळे दिसेल, त्याबद्दल क्षमस्व. मुलगी दिशा अजून अंगावर पिते. ती दुपारची निजली की मी लिहायला बसते, ती उठली की कागद फळीवर ठेवते. वरील परिच्छेद व हा परिच्छेद यांच्यामध्ये तिने पेनाचे टोपण गिळायचा प्रयत्न केला आहे. तिचा जन्म झाला तेव्हा तिचे वडील जहाजावर होते. त्यांनी तिला फक्त फोनवर पाहिले आहे, तेही चित्र अडकत अडकत. ती त्यांच्यावर गेली आहे असे सगळे म्हणतात. झोपेत डावी मूठ गालाखाली घेते ते तर अगदी त्यांचेच.

४. पतीचा फोन मधूनमधून येतो. चाच्यांचा एक दुभाष्या आहे, तो आखातात आपल्या माणसांत राहून हिंदी शिकला आहे, त्याच्या फोनवरून. तो आधी बोलतो, मग पतीच्या हातात फोन देतो. मागच्या खेपेला पतीने पहिले विचारले ते, "संजू, दिशा उभी राह्यते काय गो?" मी म्हटले, भिंतीला धरून राह्यते. मग म्हणाले, "पाणी वास मारतंय. मी पेल्यानं मापून वाढतो. सगल्यांना वाटतं, ह्यो मेसमन आपल्यासाठी लपवून ठेवतोय." मी विचारले, तुम्ही पिता ना? तर म्हणाले, "वाढणारा शेवटी जेवतो." महोदय, माझ्या पतीची ही सवय मला लग्नापासून माहीत आहे. पंगतीत वाढून वाढून ते भात संपल्यावर बसतात. घरी त्यावरून मी भांडायचे. तिथे भांडायला कोणी नाही.

५. ह्यानंतर मी अर्ज करू लागले. जवळच्या एका कार्यालयात मला सांगण्यात आले की विषय सागरी आहे व आमच्या तालुक्याला समुद्रकिनारा नाही, सबब अर्ज किनारपट्टीच्या कार्यालयात द्यावा. मी दिशाला घेऊन एस.टी.ने किनाऱ्याला गेले. तिथे सांगण्यात आले की समुद्र बरोबर आहे, पण तो आपला नाही, परदेशचा आहे. तिसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या, अपेक्षा मॅडम. त्यांनी मात्र बसायला खुर्ची दिली, दिशाला बिस्कीट दिले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, हे सगळं ऑनलाइन झालंय. तिथे फॉर्म आहे. कसा आहे ते मला विचारू नका." तो फॉर्म आपल्या कक्षाचा होता. म्हणून आपणास त्रास देत आहे.

६. सदर फॉर्म माल परदेशी पाठविणाऱ्या कंपन्यांसाठी आहे असे दिसते. माझ्याकडे निर्यातदाराचा क्रमांक नाही, त्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. उमरठला फॉर्म भरून देणारा एक मुलगा आहे, त्याने काहीतरी करून उघडून दिले. मालाचे वर्णन, ह्या रकान्यात मी 'पाणी' लिहिले. मालाचा लष्करी उपयोग होऊ शकतो काय, असा पुढे प्रश्न होता. तहानलेला माणूस बंदूक काय, बादलीही उचलू शकत नाही, त्यामुळे तसे पाहिले तर होऊ शकतो, असे मी प्रामाणिकपणे लिहिले. ते चुकले असे मला नंतर समजले. त्या एका उत्तरामुळे अर्ज दुसऱ्या विभागाकडे गेला व तिथून महिन्याने माझ्याकडेच परत आला.

७. दुसऱ्या वेळी 'नाही' लिहिले. तेव्हा आपल्या कक्षाने हमीपत्र मागितले. त्यातले शब्द तसेच उतरवते : 'सदर माल हा केवळ ओलीस व्यक्तींच्याच वापरात येईल व यादीतील इसम, त्याचे सहकारी अथवा जहाजाचा ताबा घेतलेल्या व्यक्ती यांना त्याचा कोणताही लाभ होणार नाही, याची अर्जदार हमी देत आहे.' हमी द्यायची तर विचारल्याशिवाय कशी देणार, म्हणून पतीचा फोन आला तेव्हा मी त्यांना हे वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "त्यांच्या हातात बंदुका हायत. मी काय पेल्याला कुलूप लावू काय?" आणि हसले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा हसले म्हणून मी आपली आभारी आहे, पण हमीपत्र तसेच कोरे राहिले.

८. हे इथवर एका घराचे दुःख होते व मी ते सोसले असते. परंतु त्यानंतर जे झाले ते सांगायला आमच्या वाडीची मागची एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आवडी नावाच्या बाईचे घर आमच्या गावकीने वाळीत टाकले होते. तिने मुलीचे लग्न गावकीला न विचारता जमवले, एवढेच कारण. बोलणे बंद, विहीर बंद, कार्याला बोलावणे बंद. आवडीने तक्रार केली, पोलीस आले, केस झाली आणि गावकीचे प्रमुख गोमाजी व इतर मंडळींना महाडच्या कोर्टात फेऱ्या घालून घालून चपला झिजवाव्या लागल्या. ते योग्यच झाले. तेव्हापासून आमची गावकी सरकारी कागदाला फार भिऊन असते. वाळीत हा शब्दही सहाणेवर कोणी काढत नाही. काढायचाच झाला तर 'ते' म्हणतात.

९. माझ्या शेवटच्या अर्जावर आपल्याकडे कोणीतरी 'स्थानिक पातळीवर जनजागृती करावी' असा शेरा मारला असावा. कारण अर्जाच्या उत्तराऐवजी आपले सूचनापत्रक वाडीत आले. महाडला कॉलेजात शिकणारी सेजल हिने ते सहाणेवर वाचले. त्यात असे होते की यादीतील व्यक्तीशी, अथवा तिच्या साथीदारांच्या संपर्कात असलेल्या व्यक्तीशी, कोणीही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यवहार करू नये, केल्यास कारवाईस पात्र राहील. गोमाजींनी विचारले, "संपर्क म्हंजे फोन पण त्यात आला काय गो?" सेजल म्हणाली, "आला, आजोबा." सगळ्यांनी आमच्या घराकडे बघितले. दुभाष्याचा फोन वाडीत एकाच घरात येतो. गोमाजी म्हणाले, "आमी टाकलं तवा गुन्हा झाला. आता सरकारनंच टाकलंय."

त्याच दिवशी वाडीच्या मुंबई मंडळाला पत्रकाचा फोटो गेला. मंडळाच्या सेक्रेटरींचा निरोप आला तो असा : "लीगल मॅटर हाय. कोणी टच करू नका. पेपर जपून ठेवा."

१०. दुसऱ्या दिवसापासून आमच्याशी व्यवहार बंद झाले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची असते, त्यासाठी फांद्या-पाल्याचा राब सगळे मिळून एकमेकांच्या वावरात रचतात; आमच्याकडे कोणी आले नाही. माझे सासरे हरिबा म्हातारपणी एकटेच पालापाचोळा वाहत राहिले. गुरे राखणीत घेतली नाहीत. दुकानातून मीठ मिळाले नाही. कोणाच्याही मनात खुन्नस नव्हती हे मुद्दाम लिहिते. गोमाजी स्वतः आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले आणि बोलले, परंतु ते सर्व फणसाच्या झाडाकडे बघून, कारण माझ्याशी बोलणे म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार झाला असता. ते झाडाला म्हणाले, "सूनबाईला सांग, रागवू नको गो. मागल्या टायमाला कायदा मोडला म्हणून फेऱ्या घातल्या, आता पाळला नाय म्हणून घालायच्या काय?" सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. त्याही झाडालाच म्हणाल्या, "फणसा, विचार रे त्याला, दर साली तुझे गरे खातो तो येव्हार कुठला म्हणायचा?" गोमाजींना हसू आले, पण ते हसूही त्यांनी झाडाकडेच तोंड करून हसले.

महोदय, आपल्या कक्षातले शब्द लिहिणारा माणूस हुशार असेल. परंतु ते शब्द डोंगर चढून वर येईपर्यंत त्यांचे काय होते हे त्याने एकदा येऊन बघावे.

११. विहिरीवर आमची पाळी आली तशी वगळली गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे विहिरीत पाणी जेमतेम असते, पाळीने भरतात. मी हंडा घेऊन गेले तर बायकांनी काही न बोलता रहाटाचा दोर काढून घेतला आणि बाजूला झाल्या. एकीच्या डोळ्यात पाणी होते, पण दोर तिच्याच हातात होता. मी खाली ओढ्यापर्यंत उतरले. खडकाच्या खळगीत थोडे होते ते भरले, चढून वर आले. त्यानंतर दोन दिवस माझे दूध कमी झाले. दिशा ओढायची, सोडायची, माझ्या तोंडाकडे बघायची, पुन्हा ओढायची. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. पतीने फोनवर सांगितलेले मला तोवर नुसते ऐकून माहीत होते. वाढणारा शेवटी जेवतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले.

१२. तिसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई आल्या. त्या गोमाजींच्या थोरल्या भावजय. वाडीतली निम्मी माणसे त्यांच्या हातावर जन्मली आहेत, गोमाजींचे तीनही मुलगे त्यांतलेच. डोक्यावर भरलेला हंडा, आणि आल्या त्या आडवाटेने नाही, सहाणेवरून, मंडळी बसली होती त्यांच्या समोरून. गोमाजी उठून म्हणाले, "वयनी, कागद आलाय." बनुबाई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "कागद तुझ्यापाशी ठेव. अंगावर पिणारं पोर हाय त्या घराचं पाणी आपल्या गावकीनं कधी तोडलं काय रे? आवडीच्या टायमाला पण तिच्या सुनेचं लहानगं व्हतं तवर माझा हंडा जात व्हता, तू बघून न बघितल्यासारखं केलंस." गोमाजी म्हणाले, "केस झाली तर?" बनुबाई म्हणाल्या, "माझ्या नावावर टाक. जेलात नळाला पाणी असतंय म्हणतात."

त्यांनी हंडा माझ्या चुलीपाशी उतरवला, दिशाचे गाल दोन्ही हातांनी दाबले, आणि मला म्हणाल्या, "पी गो आधी तू. तू प्यालीस की ही पिईल." मी त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी प्यायले. मला त्याची चव अजून आठवते.

१३. त्याच संध्याकाळी गावकी पुन्हा बसली व एका बैठकीत ठरले, की अंगावर पिणारे मूल आहे तोवर ह्या घराची पाण्याची पाळी चालू राहील, बाकी सरकारचे पत्र येईपर्यंत आहे तसे. त्यासाठी कोणाला फॉर्म भरावा लागला नाही. ते पाणी सासरे पितील काय, सासूबाई पितील काय, गुरांना पाजले जाईल काय, याची हमी कोणी मागितली नाही. हंडा घरात गेला की घरातले सगळे पितात, एवढे त्यांना ठाऊक होते. हे सांगायला गोमाजी आले तेव्हा फणसाला म्हणाले, "सूनबाईला विचार, सरकारनं टाकलेल्याला पाण्याची सूट नाय काय?"

ह्या अर्जाचे खरे कारण तो प्रश्न आहे. ज्या गावकीला आपले सरकार गुन्हेगार ठरवते, आणि त्या वेळी ती होतीच, तिच्याही नियमात पाण्याला सूट आहे. आपल्या नियमात ती कोणत्या पानावर आहे ते मला कृपया कळवावे. नसेल तर तसेही कळवावे, म्हणजे मी गोमाजींना सांगेन.

१४. आवडीने हे ऐकले आणि ती आमच्या घरी आली. गावकीत न मोजले जायची तिला सवय आहे, त्यामुळे ती सरळ दारातून आली आणि माझ्याशी माझ्याकडे बघून बोलली. तिने एक जुना कागद आणला होता. तिच्या केसच्या वेळी सरकारकडून गावकीला आलेले पत्र. त्यात लिहिले आहे, 'कोणत्याही कारणास्तव एखाद्या कुटुंबाचे पिण्याचे पाणी बंद करणे हे अमानुष असून असे कृत्य करणाऱ्यांची गय केली जाणार नाही.' आवडी म्हणाली, "हे लाव अर्जाला. त्यांचंच बोलणं हाय, त्यांना समजंल." त्याची प्रत सोबत जोडली आहे. दोन्ही कागद सरकारचेच आहेत. मी ते शेजारी शेजारी ठेवून पुष्कळदा वाचले. माझे बारावीपर्यंत शिक्षण झाले आहे. तरीही मला ते एकाच सरकारचे वाटत नाहीत.

१५. आता सध्याची स्थिती. पतीला ज्या कंपनीने जहाजावर पाठवले तिच्या ऑफिसात बुद्धरत्न नावाचे गृहस्थ आहेत. ते मूळचे महाडचे, म्हणून फोन उचलतात. त्यांनी सांगितले, "वहिनी, पाणी तयार आहे. शेजारच्या बंदरात एका व्यापाऱ्याने बोटीत चढवून ठेवलंय, औषधं पण; किनाऱ्यापासून पुढे त्या यादीतल्याच्या होडीत घालायचं. खर्चाचं बघितलंय सगळं. पण तो म्हणतो, हे मी मागवलं असं कोणीतरी एकानं लिहून सही करून द्या, म्हणजे उद्या विचारलं तर दाखवायला कागद असेल. ती सही कोणी करत नाही." मी विचारले, जहाजाचा मालक? म्हणाले, मालक म्हणतो वकील नको म्हणतात. वकील? ते म्हणतात आधी आपल्या कक्षाची परवानगी. आपला कक्ष? ते म्हणाले, "कक्ष म्हणतो अर्जदाराचं हमीपत्र नाही." मी म्हटले, भाऊ, तुम्ही करा. ते म्हणाले, "वहिनी, माझी पण लेकरं आहेत." मला त्यांचा राग आला नाही. पण मी फोन ठेवला आणि बराच वेळ दिशाला मांडीवर घेऊन नुसती बसले.

इतक्या सगळ्या माणसांमध्ये एक सही मिळत नाही. आणि पाणी तिकडे बोटीत उन्हात तापत आहे.

१६. वरील परिच्छेद लिहिल्यानंतर ह्या अर्जात चार दिवस खंड पडला. त्या मुदतीत पतीचा फोन आला नाही. दुभाष्याचा आला. तो म्हणाला, तुमचा माणूस झोपून आहे, उठत नाही, पेला दुसरा कोणी तरी वाढतो आहे. आणखी म्हणाला, त्यांच्यातला बंदूकवाला पोरगाही त्याच पाण्याने आजारी आहे. मी विचारले, माझा माणूस काही बोलला काय? तो म्हणाला, "पूछ रहा था, बच्ची खड़ी हुई क्या."

काल दिशा भिंत सोडून उभी राहिली. ती पडली तेव्हा रडायच्या आधी हसली. हे मला कोणाला तरी सांगायचे होते, म्हणून आपणास लिहिले. यावर आपल्या कक्षाने काही करण्याची आवश्यकता नाही.

१७. आज सकाळी मी बुद्धरत्न यांच्याकडून तो मागणीचा कागद फोनवर मागवला, उमरठला जाऊन छापून घेतला, त्यावर 'मागणी करणाऱ्याचे नाव' या ठिकाणी संजीवनी सुनील पार्टे असे लिहिले, सही केली, आणि बोट निघण्याआधी तो परत पाठवला. सही करताना दिशा कडेवर होती, त्यामुळे शेवटचे अक्षर वर गेले आहे, पण सही माझीच आहे. यादीतील इसमाच्या होडीने जहाजावर पाणी व औषधे नेण्यास मी सांगितले आहे. प्रत्यक्ष म्हणा किंवा अप्रत्यक्ष, हा व्यवहार माझा आहे. जहाजाचा मालक, बुद्धरत्न, बोटीवाला, माझे सासरे, सासू, गावकी किंवा बनुबाई यांचा यात काही संबंध नाही.

वर विषयात 'सूट मिळणेबाबत' असे लिहिले आहे. आता ते 'कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत' असे करायला हवे, हे मला कळते. पण खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारत नाहीत असे मला प्रत्येक ठिकाणी सांगितले आहे आणि सगळा पुन्हा लिहायला माझ्याकडे दुपारी उरलेल्या नाहीत. तेव्हा कृपया तसा वाचून घ्यावा.

१८. हमीपत्राबद्दल. ते मी देत नाही, कारण खोटे लिहून देणे मला जमणार नाही. जहाजावर पाणी पोचले की बंदूकवालेही पितील. तो आजारी पोरगाही पिईल. तोही कोणाच्या तरी अंगावर पिऊनच मोठा झाला असेल. त्याचा गुन्हा आपण त्याच्यावर जरूर चालवावा, मी साक्षीला येईन. पण एकाच टाकीतून कोणी प्यावे आणि कोणी पिऊ नये हे लिहून द्यायला मला सांगू नये.

१९. माझ्यावर कारवाई करायची झाल्यास मी पळून जाणार नाही, माझा पत्ता वर आहे. उमरठपासून पुढे गाडी येत नाही, चढ आहे, सकाळी निघावे. सोबत महिला पोलीस असाव्यात, कारण मुलगी बरोबर येईल. ती दुसऱ्या कोणाकडे राहत नाही. ती निजली असेल तर थोडे थांबावे.

२०. आणखी एकच. बोट निघाली आहे व वारा आहे तसा राहिला तर ती पोचेल. तिला परत फिरवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे बुद्धरत्न म्हणतात. आपल्याला तसे करायचे असेल तर मी अडवू शकत नाही. परंतु तो आदेश आपण आपल्या पूर्ण नावाने व आपल्या हाताच्या सहीने काढावा, 'सक्षम अधिकारी' किंवा 'करिता' असे लिहून नाही. इतके महिने सगळ्यांना एक सही हवी होती, ती मी केली. आता पाणी तोडायचे असेल तर त्याखालची सही आपली लागेल.

आपल्या उत्तराची वाट बघत असलेली, नम्र अर्जदार,

(सही)
सौ. संजीवनी सुनील पार्टे
करंजकोंड, दि. २७ मार्च २०२५

सोबत :
१) मागणीच्या कागदाची प्रत, माझ्या सहीसह.
२) कोरे हमीपत्र, परत.
३) आवडी यांच्या प्रकरणात गावकीला आलेल्या पत्राची प्रत.

प्रत माहितीसाठी : श्री. गोमाजी, गावकी प्रमुख, करंजकोंड, यांना सहाणेवर वाचून दाखविण्याकरिता. सेजलने वाचावे, सावकाश.